तुमच्या वहीतल्या पानांबद्दल : जुन्या कॅल्क्युलेटरांच्या दुरुस्तीकारांचं उघडं आभारपत्र

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

तुमची दुरुस्तीची टिपणं आता इतक्या हातांतून गेली आहेत की मूळ प्रत कोणाकडे आहे हे सांगणं अवघड. म्हणून आभारही खासगीत न मानता उघड पत्रातून मानतो आहोत. तुम्ही काय काय शिकवलंत ते यात सविस्तर लिहिलं आहे, म्हणजे ज्याला फक्त हे पत्र मिळेल त्याचंही एखादं यंत्र वाचेल.

सगळ्यात आधी आभार गळक्या सेलच्या पानाबद्दल. हातात येणाऱ्या जुन्या यंत्रांत सर्वाधिक नुकसान तिथेच झालेलं असतं आणि सर्वाधिक चुकीचा सल्लाही तिथेच मिळतो. गळती दिसली की लोक डोळे मिटून खायचा सोडा लावतात. निकेल-कॅडमियम आणि अल्कलाइन सेलमधून पाझरतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड. ते स्वतःच अल्कली आहे, सोडा त्याचं काय करणार? हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याची पांढरी खरपुडी बनते. तिला सौम्य आम्ल लागतं : कापसाच्या बोळ्यावर थोडं पांढरं व्हिनेगर, बुडबुडे थांबेपर्यंत, मग डिस्टिल्ड वॉटर, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. सोडा चालतो तो जुन्या झिंक-कार्बन सेलच्या गळतीवर, कारण ती आम्लधर्मी असते. व्हिनेगर धुऊन काढायला विसरलं तर तेच पुढे तांबं खातं, हेही तुम्ही त्याच पानावर तळाशी लिहून ठेवलं आहे.

त्याच पानावरची वायरची गोष्ट तर कोणी सांगतच नाही. अल्कली वायरच्या आवरणाखालून वर चढत जाते. बाहेरून वायर धडधाकट दिसते, आतलं तांबं काळं पडलेलं असतं आणि त्यावर सोल्डर धरत नाही. कितीही फ्लक्स (सोल्डर धरायला मदत करणारं रसायन) ओतलं तरी सोल्डरचा मणी होऊन गळून पडतो. चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापत मागे जायचं, नाही लागलं तर पूर्ण वायर बदलायची.

दुसरे आभार एका इशाऱ्याचे. तुम्ही तो लाल शाईने दोनदा अधोरेखित केलाय. एचपी (ह्यूलेट-पॅकर्ड) कंपनीच्या एचपी-२१, एचपी-२५, एचपी-२९सी या कुळातली यंत्रं दोन सेलवर चालतात आणि चार्जर लावल्यावर सेल स्वतःच विजेचा दाब (व्होल्टेज) आवरून धरतात. सेल काढून चार्जर लावला, किंवा सेल आत आहेत पण संपर्काची पट्टी गंजली आहे, तर चार्जरचा मोकळा दाब थेट सर्किटवर चढतो आणि चिप जळते. ही चिप नवी मिळत नाही. मिळालीच तर दुसऱ्या मेलेल्या यंत्रातून. ‘चालतंय का बघू’ म्हणून विकणाऱ्याने चार्जर टोचला आणि त्याच क्षणी यंत्र गेलं, असे किती नमुने असतील कोण जाणे. तुमचा नियम सरळ आहे : मूळ चार्जर पेटीत ठेवायचा, सेल बाहेर काढून वेगळ्या चार्जरवर भरायचे.

सेलचा पॅक नव्याने बांधण्याची पद्धतही तुमचीच. एचपी-३५ च्या पिढीला तीन एए सेल, एकूण ३.७५ व्होल्ट. पट्ट्या स्पॉट वेल्ड केलेले (सोल्डरशिवाय, क्षणिक विजेच्या झटक्याने जोडलेले) सेल घ्यायचे. सेलच्या टोकावर थेट सोल्डरिंग आयर्न टेकवलं की आतलं सील उष्णतेने जातं आणि पुढे तोच सेल गळतो. आताचे टोपीवाले (धन टोकाला उंचवटा असलेले) सेल किंचित लांब असतात, ते कोंबून बसवू नयेत. पॅकचं प्लास्टिक आता ठिसूळ झालेलं असतं. आणि हिशोब : ६०० मिलीअँपिअर-तासाचा जुना सेल ५० मिलीअँपिअरने चौदा-पंधरा तासांत भरतो. त्याच प्रवाहाने २००० मिलीअँपिअर-तासाचा निकेल-मेटल हायड्राइड सेल भरायला सुमारे दोन दिवस लागतात. सकाळी अर्धवट भरलेला पॅक पाहून ‘सेल खराब निघाले’ असं ठरवणाऱ्यांनी हा भागाकार आधी करावा.

यंत्र पहिल्यांदा सुरू करताना प्रवाहाला मर्यादा घालता येणारा पॉवर सप्लाय वापरायचा, एलईडी यंत्रासाठी मर्यादा २०० मिलीअँपिअर. टँटलम कॅपॅसिटर आतून शॉर्ट झाला असेल तर धूर निघत नाही, नुसता दाब खाली बसतो, आणि दोष कुठे आहे ते शांतपणे शोधता येतं.

खोकं (यंत्राचं बाहेरचं कवच) उघडण्याबद्दल तुम्ही फार लिहिलेलं नाही, तरी जेवढं लिहिलंय तेवढ्याने पुष्कळ खोकी वाचली आहेत. स्क्रू बहुधा मागच्या लेबलाखाली किंवा रबरी पायांखाली दडलेले असतात. हेअर ड्रायरने गरम करून पातळ दोऱ्याने लेबल सोडवायचं, चाकूने नाही, कारण एकदा दुमडलेलं लेबल परत सपाट होत नाही. एचपी-४१ मध्ये पायांखालचे स्क्रू ज्या प्लास्टिकच्या खांबांत बसतात तेच तडकतात. मग दोन बोर्डांमधला दाब सैल होतो आणि यंत्र कधी चालतं, कधी रुसतं. लोक चिपला दोष देतात. दोष असतो खांबाचा. लाल खिडकीवर अल्कोहोल लावू नये, अॅक्रिलिकवर बारीक तडे उमटतात. साबणाचं कोमट पाणी पुरे.

प्रोग्रॅम साठवलेली चुंबकीय कार्डं वाचणाऱ्या कार्ड रीडरचा रोलर हा वेगळा विषय आणि त्याबद्दल तुमचे वेगळे आभार. एचपी-६५, एचपी-६७, टीआय (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स) कंपनीचं टीआय-५९, सगळ्यांच्या रोलरचं रबर काळाच्या ओघात विरघळून काकवीसारखं चिकट होतं. पहिली चूक म्हणजे ‘एकदा कार्ड घालून बघू’. तो चिकटा कार्डाच्या चुंबकीय थरावर बसतो आणि त्या काळातला मूळ प्रोग्रॅम कायमचा जातो. आधी रोलर काढायचा, जुनं रबर अल्कोहोलने पूर्ण खरवडायचं, आस कोरडा करायचा आणि मगच सिलिकॉनची नळी चढवायची. बाहेरचा व्यास मूळ रोलरइतकाच हवा. जाड झाला तर मोटरवर ताण येऊन कार्ड मध्येच अडकतं, बारीक झाला तर घसरतं. दोन्ही वेळा वाचन चुकतं आणि दोष डोक्यावर घेतं ते बिचारं रीडरचं हेड. चाचणी कोऱ्या कार्डावर : आधी लिहायचं, मग वाचायचं. जुनं कार्ड सर्वांत शेवटी.

निळ्या-हिरव्या अंकांच्या व्हीएफडी (निर्वात नळीत चमकणाऱ्या पडद्याच्या) यंत्रांसाठी तुमची अंधाराची युक्ती फार उपयोगी. अंक दिसत नसतील तर खोली पूर्ण काळोखी करून पाहायचं. फिलामेंटची टोकं जेमतेम तांबूस दिसली तर फिलामेंट शाबूत आहे आणि संशय जातो दाब वाढवणाऱ्या कन्व्हर्टरवर. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर सुकलेले असतात. तेवढ्याच धारकतेचे (कपॅसिटन्सचे), तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टेजचे, १०५ अंशांचे लावायचे. एवढं करूनही अंक फिकेच राहिले तर फॉस्फर (अंकांवरचा चमकणारा लेप) झिजलेला आहे, त्यावर इलाज नाही. एलसीडीत कडेकडून पसरणाऱ्या काळ्या डागावरही नाही. जे होत नाही ते होत नाही म्हणून लिहिणारा माणूस विरळा.

आता ज्यासाठी हे पत्र मुळात लिहायला घेतलं तो भाग. यंत्र जपायचं म्हणजे त्याच्या चुकाही जपायच्या, हे तुमचं म्हणणं.

एचपी-३५ बाजारात आलं १९७२ साली, किंमत ३९५ डॉलर. आतल्या रॉममध्ये (कायमच्या स्मृतीत) ७६८ सूचना, प्रत्येकी १० बिटांची. सुरुवातीच्या यंत्रांत २.०२ चा नैसर्गिक लॉगॅरिदम काढून लगेच e चा तेवढा घात घेतला तर उत्तर २ येतं, २.०२ नाही. पुढच्या यंत्रांत हे सुधारलं. त्याच्या रॉममध्ये चेकसम (बिट बरोबर आहेत का हे पडताळणारी बेरीज) नाही, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली चिपचे फोटो काढून बिट वाचले तरी ते बरोबर वाचलेत की नाही हे रॉम स्वतः सांगत नाही. एचपी-४१ च्या रॉममध्ये प्रत्येक पानाच्या (रॉमच्या ठरावीक भागाच्या) शेवटच्या शब्दात चेकसम आहे, तिथे काम सोपं. एचपी-३५ साठी तुम्ही सुचवलेली कसोटी म्हणजे ती चूकच. सुरुवातीच्या यंत्राचा रॉम चढवलेल्या एम्युलेटरने (मूळ रॉम चालवणाऱ्या संगणकीय प्रतिकृतीने) २.०२ वर २ दाखवलं पाहिजे. बरोबर उत्तर आलं तर तो रॉम त्या यंत्राचा नाही.

एम्युलेटर आणि सिम्युलेटर (मूळ रॉम न चालवता तसंच वागणारं सॉफ्टवेअर) यांतला फरकही तुम्ही एका कसोटीने समजावलात. अंश मोडमध्ये ९ घ्या आणि क्रमाने साइन, कोसाइन, टॅन्जंट, मग व्यस्त टॅन्जंट, व्यस्त कोसाइन, व्यस्त साइन दाबा. गणिताने ९ परत यायला हवा. एचपी-४१ आणि एचपी-१५सी देतात ९.०००४१७४०३. एचपी-४२एस देतं ८.९९९९९८६४२६७. कारण असं : ९ अंशांची साइन साधारण ०.१५६, आणि ०.१५६ अंशाची कोसाइन १ ला जवळजवळ चिकटलेली. दहा अंकांत सुरुवातीची सगळी जागा नऊ खाऊन टाकतात, खरी माहिती शेवटच्या चार-पाच अंकांत उरते, आणि परत येताना तीच तूट मोठी होते. फ्री४२ हे एचपी-४२एससारखं वागणारं उत्तम सॉफ्टवेअर आहे, पण ते एचपीचा रॉम वापरत नाही; दशमान आवृत्तीत ३४ अंकांनी गणित करतं आणि पडद्यावर स्वच्छ ९ दाखवतं. रोजच्या कामाला तेच घ्यावं. जुन्या अभियंत्याच्या कागदावरचा आकडा शेवटच्या स्थानापर्यंत पडताळायचा असेल तर मात्र मूळ रॉम चालवणारा एमू४२ किंवा नॉनपॅरेलसारखा एम्युलेटर हवा.

सिंक्लेअर सायंटिफिकचं पान आम्ही निव्वळ आनंदासाठी वाचतो. १९७४ चं यंत्र, चार मूलभूत क्रियांसाठी बनवलेली टीआयची चिप, फक्त ३२० सूचनांची जागा, आणि त्यात त्रिकोणमिती आणि लॉगॅरिदम बसवलेले. उत्तरं ढोबळ येतात, काही फलनांना कितीतरी सेकंद लागतात, आणि ‘पाय’सारखे (π) स्थिरांक रॉममध्ये मावले नाहीत म्हणून खोक्यावर छापलेत! याचा एम्युलेटर झटक्यात उत्तर देऊ लागला तर त्या यंत्राचं अर्धं रूप हरवतं. वेग जपण्यामागचं कारण तुम्ही एचपी-३५ च्या हिशोबाने दाखवलंत : घड्याळ सुमारे २०० किलोहर्ट्झ, ५६ बिटांचा शब्द एकेक बिट करत सरकतो, म्हणजे एका सूचनेला २८० मायक्रोसेकंद, सेकंदाला साडेतीन हजार सूचना. साइन दाबल्यावरची ती किंचित वाट पाहणं याच भागाकारातून येतं.

एका बाबतीत मात्र आमचं तुमच्याशी जुळत नाही. पिवळं पडलेलं खोकं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाशाने पांढरं करावं असं तुम्ही लिहिलंय. रंगीत कळा आणि छापील अक्षरं त्यात फिकी पडतात, आणि पिवळेपणा पुन्हा येऊ शकतो. आम्ही ते सोडून दिलं आहे. तसंच मूळ विनाइलच्या पाकिटात यंत्र ठेवायचा सल्लाही तपासावा : विनाइलमधलं मऊपणा देणारं रसायन बाहेर येऊन खोक्याच्या प्लास्टिकला चिकटतं. आम्ही पाकीट वेगळं ठेवतो, यंत्र साध्या सुती कापडात, सेल बाहेर, सोबत सिलिका जेल.

शेवटच्या पानावर तुम्ही एचपी-४५ ची लपलेली घड्याळाची युक्ती लिहिली आहे : आरसीएल (स्मृतीतला आकडा परत आणणारी कळ) दाबून सोडायचं, मग सीएचएस (चिन्ह बदलणारी कळ), ७ आणि ८ एकदम. यंत्रात क्रिस्टल (अचूक ठोके देणारा स्फटिक) नाही, त्यामुळे ते घड्याळ अचूक धावत नाही. एम्युलेटरमध्ये ते चालावं म्हणून कळांची जाळी आडव्या-उभ्या तारांसकट उतरवावी लागते, एका वेळी एकच कळ धरून भागत नाही. ज्या एम्युलेटरांवर ते चालत नाही त्यांची यादी करायला आम्ही घेतली आहे. पूर्ण झाली की तुमच्या वहीच्या त्याच पानामागे लावण्यासाठी पाठवतो.

आपले कृतज्ञ,
तुमच्या टिपणांवर पोसलेले दुरुस्तीकार