उत्तर कोरियातील क्षयरुग्ण आणि मिशनची मदत

महोदय,

उत्तर कोरिया म्हटले की आपल्याकडे बातमी येते ती क्षेपणास्त्रांची. तेथील क्षयरुग्णांविषयी आणि त्यांच्यापर्यंत औषध नेणाऱ्या ख्रिस्ती संस्थांविषयी क्वचितच काही छापून येते. सरकारी क्षयरोग केंद्रात अनेक वर्षे औषधे वाटण्याचे काम केले असल्याने हे पत्र लिहीत आहे.

1895 मध्ये कोरियात गेलेल्या यूजीन बेल या मिशनऱ्याच्या नावाने त्यांचे पणतू स्टीफन लिंटन यांनी बरोबर शंभर वर्षांनी एक संस्था काढली. आरंभी धान्य पाठवणारी ही संस्था पुढे औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या उपचारांकडे वळली. वर्षातून दोनदा तिचे पथक तेथे जाई, रुग्णांचे बेडके तपासी आणि पुढच्या फेरीपर्यंत पुरतील एवढी औषधे ठेवून येई. तेव्हा अठरा ते चोवीस महिने चालणारा हा उपचार म्हणजे काय, ते मी खिडकीच्या या बाजूने पाहिले आहे. माझ्याकडे येणारी एक बाई केळ्याच्या तुकड्यांतून मूठभर गोळ्या गिळून, ओकारी होऊ नये म्हणून अर्धा तास बाकावरच बसून राही. इंजेक्शनांनी तिचे ऐकणे कमी झाले, तेव्हापासून मी तिचे नाव ओरडूनच पुकारत असे.

मिशनचा दवाखाना म्हटला की आपल्याकडे धर्मांतराचा विषय निघतोच, आणि तो अगदीच गैरलागू आहे असे मी म्हणणार नाही. परंतु उत्तर कोरियात प्रचाराची शिक्षा तुरुंग आहे. केनेथ बे या अमेरिकी मिशनऱ्याला 2013 मध्ये पंधरा वर्षांची सक्तमजुरी सुनावण्यात आली होती. जेथे प्रवचनाला जागाच नाही तेथे ही मंडळी वर्षानुवर्षे औषधांची खोकी घेऊन जात राहिली, हे टीकाकारांनीही लक्षात घ्यावे.

अडचण श्रद्धेची नव्हे, परवानग्यांची आहे. संयुक्त राष्ट्रांनी उत्तर कोरियावर घातलेल्या डिसेंबर 2017 च्या निर्बंधांनंतर यंत्रसामग्री आणि धातूच्या वस्तू नेण्यासाठी, अगदी पाण्याच्या पंपासाठीही, सुरक्षा परिषदेच्या समितीकडून सूट घ्यावी लागते. 2018 मध्ये ग्लोबल फंडाने (क्षय, एड्स व मलेरियाविरुद्धच्या कामाला पैसा पुरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय निधीने) तेथील अनुदान थांबवले. पैशाचा विनियोग नीट तपासता येत नाही, हे त्यांचे कारण हिशेबाच्या दृष्टीने चुकीचे नव्हते. पण क्षयाचा उपचार मध्येच तुटला की जंतू अधिक चिवट होतात, हे त्या हिशेबात कोठे धरलेले दिसत नाही. 2020 च्या जानेवारीत सीमा बंद झाल्या आणि पथकाच्या फेऱ्याही थांबल्या.

जुलै 2020 मध्ये भारत सरकारने दहा लाख डॉलरची क्षयरोगाची औषधे जागतिक आरोग्य संघटनेमार्फत तेथे देण्याचे जाहीर केले होते. बंद सीमेतून ती रुग्णांपर्यंत कधी आणि किती पोहोचली, याचा आपल्या वृत्तपत्राने पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माता,
धरमपेठ, नागपूर