आमच्या पशुवैद्यक डॉक्टरांचे जाहीर आभार

आदरणीय डॉक्टरसाहेब,
सादर नमस्कार.

उन्हाळ्याच्या तोंडावर आपण रावेर तालुक्यातील आमच्या गावी येऊन, श्वास थांबलेल्या कुत्र्या-मांजराला सीपीआर (छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवण्याचा प्रथमोपचार) कसा द्यावा हे शिकवलेत, त्याबद्दल गावाच्या वतीने मनापासून आभार मानतो. बैल आजारी पडला तर सारी गल्ली धावते. कुत्र्या-मांजरांसाठी एवढा वेळ देणारे आम्ही प्रथमच पाहिले.

कापूस ठासलेले गोणपाट पारावर आडवे ठेवून आपण प्रत्येकाचे तळहात योग्य जागी टेकवलेत. प्राणी कुशीवर, आपले कोपर ताठ, मिनिटाला 100 ते 120 दाब, आणि दाब छातीच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते निम्मा खोल. माणूस एकटा असेल तर दर 30 दाबांनंतर प्राण्याचे तोंड मिटून नाकातून 2 श्वास. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी, कारण तेव्हाच हृदयात रक्त परत भरते, हे आपण समजावलेत म्हणून ती सूचना पक्की लक्षात राहिली. निरोगी जनावरावर सराव करायचा नाही, पिसाळल्याचा संशय असेल तर तोंड लावायचे नाही आणि विजेचा धक्का बसला असेल तर आधी मेन स्विच बंद करायचा, हेही आपण बजावलेत. एवढे करूनही बहुतेक प्राणी वाचत नाहीत, हे आपण लपवले नाहीत. आमच्या मते तो आपला मोठेपणा आहे.

वैशाखात केळीच्या बागेत आमचा राखणीचा वाघ्या धापा टाकत कोसळला, हाक मारली तरी डोळे उघडेना. धाकट्या सुनबाईंनी आधी त्याची छाती हलते का ते पाहिले. श्वास चालू होता, म्हणून आपल्या सांगण्याप्रमाणे कोणीही छाती दाबली नाही. त्याला सावलीत घेऊन, ठिबकच्या नळीचे पाणी अंगावर सोडत पुठ्ठ्याने वारा घातला आणि अंग भिजवतच दवाखान्यात नेले. तो बरा आहे. कधी दाबायचे नाही हे माहीत असणे किती मोलाचे, ते त्या दिवशी कळले.

शेजारच्या वस्तीवरील लोकांनाही हे शिकायचे आहे. आपण सवड कळवावी. बसण्याची व जेवणाची व्यवस्था आम्ही करू.

आपला कृतज्ञ,
एक केळी उत्पादक शेतकरी