चर्च ओस पडली, आता आजाऱ्याची वास्तपुस्त कोण करणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत युरोपातल्या ओस पडलेल्या चर्चवर लेख आला होता. ख्रिस्ती धर्म ओसरला म्हणून तिकडची नीतिमत्ता रसातळाला गेली, असा त्याचा एकूण सूर. मी मिरजेची, तीन पिढ्यांची ख्रिस्ती. आजोबा मिशन दवाखान्यात ड्रेसर होते, आई आया होती आणि मी जन्मभर परिचारिका. रविवारची उपासना मी सहसा चुकवत नाही. धर्म ओसरतो याचं दुःख मला लेखकापेक्षा कमी नाही. तरीही त्या लेखातला कार्यकारणभाव मला पटला नाही. आणि खरोखर जे हरवलं त्याचा त्यात साधा उल्लेखही नाही, म्हणून हे पत्र.

आकडे खरे आहेत, ते आधी मान्य करते. इंग्लंड आणि वेल्सच्या २००१च्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे जवळजवळ ७२ टक्के होते. २०११ मध्ये ते ५९ टक्क्यांवर आले आणि २०२१ मध्ये ४६ टक्क्यांवर, म्हणजे निम्म्याच्याही खाली. आपला कोणताच धर्म नाही असं सांगणारे ३७ टक्के निघाले. पण या काळात तिथे गुन्हे वाढले का? तिथल्या सरकारी पाहणीनुसार घरफोड्या आणि मारामाऱ्या १९९५च्या सुमारास शिगेला पोचल्या होत्या, त्यानंतर त्या खूप कमी झाल्या. उलट रवांडा बघा. १९९४ मध्ये तिथली बहुतेक जनता ख्रिस्ती होती, रविवारी चर्च भरत होती. त्याच वर्षी न्यामाता आणि न्तारामाच्या चर्चमध्ये जीव वाचवायला शिरलेल्या तुत्सी जमातीच्या हजारो लोकांची आतच कत्तल झाली. मारणाऱ्यांतही बाप्तिस्मा झालेले होते. हे लिहिताना माझा हात जड होतो. पण चर्च भरलं की समाज नीतिमान, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

लेखात वाढत्या घटस्फोटांबद्दल फार हळहळ आहे. याबाबत आमच्या समाजातल्या बायकांना विचारा. १८६९च्या कायद्याप्रमाणे ख्रिस्ती नवऱ्याने बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की त्याला घटस्फोट मिळे. बायकोला मात्र तेवढं पुरत नसे. व्यभिचाराच्या जोडीला तिला नवऱ्याचा छळ किंवा त्याने टाकून दिलं हेही सिद्ध करावं लागे. हा भेद थेट २००१ साली गेला. तोवर कागदोपत्री आमची लग्नं किती पक्की दिसत असतील! माझ्या वॉर्डात तासगावकडची एक बाई पुन्हा पुन्हा यायची. कधी मनगट मोडलेलं, कधी बरगडी. दर वेळी केसपेपरवर एकच कारण, मोरीत पाय घसरला. डॉक्टर राऊंडला आले की नवरा उशाशी उभा राहायचा आणि ती तोंडावर पदर ओढून घ्यायची. तिचंही लग्न टिकलंच. अशी लग्नं मोडायला लागली, तर तिथे नीती कमी झाली असं मी मानणार नाही.

आयर्लंडचं उदाहरण लेखकाने द्यायला हवं होतं. शंभर वर्षांपूर्वीपासून कॅथलिक धर्माचा बालेकिल्ला म्हणून ओळखला जाणारा तो देश. लग्नाआधी दिवस गेलेल्या किंवा नुसत्या ‘वाईट चालीच्या’ म्हणून घरच्यांनी टाकलेल्या मुलींना तिथे जोगिणींच्या, म्हणजे नन्सच्या, धुलाईघरांत ठेवत आणि बिनपगारी राबवून घेत. त्यातलं शेवटचं १९९६ साली बंद झालं. २००९ मध्ये चर्चच्या संस्थांतल्या मुलांच्या छळाचा चौकशी अहवाल बाहेर आला, आणि २०१३ मध्ये पंतप्रधानांनी संसदेत धुलाईघरांतल्या त्या बायकांची माफी मागितली. २०१६ला ७९ टक्के असलेले कॅथलिक २०२२च्या जनगणनेत ६९ टक्के उरले. तिथल्या कित्येकांनी चर्च सोडलं ते नीती नको झाली म्हणून नव्हे. पाळकांच्या वागण्यात ती दिसेना, म्हणून सोडलं. ज्या मुलांना रविवारच्या शब्बाथशाळेत ‘लहानांना माझ्याकडे येऊ द्या’ हे येशूचं वचन शिकवलं, तीच मुलं मोठी होऊन जाब विचारू लागली. मला तर त्यात ख्रिस्ती शिकवणुकीचाच विजय दिसतो.

मग हरवलं काय? ते सांगायला मला मिरजेतच यावं लागतं.

मिशनरी डॉक्टर विल्यम वॉन्लेस १८८९ साली हिंदुस्थानात आले आणि १८९४ मध्ये मिरजेचा दवाखाना सुरू झाला. पुढे क्षयरोग्यांसाठी वानलेसवाडी झाली, कुष्ठरोग्यांसाठी रिचर्डसन रुग्णालय झालं. या दोन रोगांच्या माणसांना तेव्हा सख्खे भाऊसुद्धा दारात उभं करत नव्हते. डॉक्टरांच्या हातच्या शस्त्रक्रियांबद्दल लोक आजही बोलतात. पण या सगळ्याच्या मागे सातासमुद्रापलीकडच्या चर्चच्या मंडळ्यांनी दर रविवारी थैलीत टाकलेलं अर्पण होतं. मिरज कुठे आहे हे त्यांतल्या कितीजणांना ठाऊक असेल? तरी त्यांनी दिलं. मन हेलावलं म्हणून एकदा देऊन ते थांबले नाहीत. रविवार आला की द्यायचं, हा त्यांचा नेम होता.

असाच नेम मी माझ्या नोकरीच्या सुरुवातीला जवळून पाहिला. मंडळीतल्या चार-पाच बायका दर गुरुवारी दुपारी वॉर्डात यायच्या. ज्यांना भेटायला कोणी येत नाही अशांची नावं त्या आधी सिस्टरकडून घेत. पिशवीत नेलकटर, फणी, खोबरेल तेल आणि धुतलेल्या जुन्या लुगड्याचे तुकडे. खाटेजवळ स्टूल ओढायचं, पेशंटचा हात मांडीवर घ्यायचा आणि नखं कापायची. पायांची नखं वाढून आत वळलेली असत, ती कोमट पाण्यात भिजवून मऊ करायला अर्धा तास लागे. केसांतल्या जटा तेल लावून बोटांनी सोडवत. त्यांतल्या एकीच्या स्वतःच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू होती, तरी गुरुवार चुकत नसे. प्रार्थना करू का, असं त्या विचारायच्या. नको म्हटलं तर करायच्या नाहीत, पण नखं कापायच्याच. जतकडची एक म्हातारी मला म्हणाली होती, “लेकी, आज बेस्तरवार हाय का? मग माझी माणसं येतील.” तिला रक्ताच्या नात्याचं कोणीच नव्हतं.

त्या बायका आता नाहीत. त्यांच्या मुली-सुना पुण्यात आहेत, दुबईत आहेत, नोकरी आणि मुलांच्या शाळेत गुंतल्या आहेत. त्या वाईट नाहीत, पैसे मागितले तर लगेच पाठवतात. पण गुरुवार कोणी घेत नाही. साऱ्या महाराष्ट्रात आम्ही ख्रिस्ती २०११च्या जनगणनेनुसार एक टक्कासुद्धा नाही. त्यात नेमाने चर्चला येणारे अजून थोडे.

माझी भाची इंग्लंडमध्ये वृद्धाश्रमात नर्स आहे. ती सांगते, तिथे स्वच्छता आहे, यंत्रं आहेत, कायदे कडक आहेत, कर्मचारीही मायेने वागतात. पण महिनोन् महिने एकही माणूस भेटायला येत नाही असे म्हातारे आहेत. एकटेपणाचा प्रश्न एवढा वाढला की २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यासाठी मंत्री नेमला. मरणाऱ्या माणसाच्या वेदना कमी करून त्याला सांभाळायचं आजचं हॉस्पिसचं शास्त्र त्याच देशात जन्मलं. आधी नर्स आणि मग डॉक्टर झालेल्या सिसिली साँडर्सने १९६७ मध्ये लंडनला ते उभं केलं, आणि तिच्या श्रद्धेतूनच ते आलं. आज श्रद्धा नसलेले लोकही ते काम उत्तम करतात. म्हणजे करुणा आणि ज्ञान धर्माबाहेर नेता येतात, ती गेलीही. नेता आली नाही ती पगाराशिवाय, ओळखीशिवाय, ठरल्या वारी येणारी माणसं. नीतीवर धर्म ओसरल्याचा परिणाम मला दिसतो तो एवढाच, पण मी त्याला लहान समजत नाही.

आपल्याकडे माणुसकी आटली असंही मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०१९ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा गणपती मंडळं, मशिदी, चर्च, तालमी, सगळे धावले. कोणी कोणाची जात विचारली नाही. पण पूर आठवड्याभरात ओसरतो. अर्धांगवायू झालेला माणूस सहा-सहा वर्षं पडून असतो, आणि तिसऱ्या महिन्यानंतर त्याच्याकडे कोणी फिरकत नाही.

साताऱ्याला १९१७ मध्ये रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला होता. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा होती. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबार फार काळ चालला नाही. त्यांचे अभंग आम्ही आजही गातो, गाताना माझा गळा दाटतो. तरी मला नेहमी वाटतं, त्या दरबाराला आठवड्याचा एखादा वार आणि चार माणसांची नावं मिळाली असती, तर तो इतक्या लवकर उठला नसता.

म्हणून लेखकाला आणि वाचकांना माझी विनंती. नीती बुडाली म्हणून नुसते उसासे टाकू नका, एक वार घ्या. आम्ही तिघी-चौघी निवृत्त परिचारिका येत्या महिन्यापासून गुरुवारी दुपारी पुन्हा वॉर्डात जाणार आहोत. रीतसर परवानगी काढतो आहोत. हिंदू, मुसलमान, जैन, लिंगायत, देव न मानणारी, कोणीही बाई चालेल. पुरुषांच्या वॉर्डासाठी पुरुष हवेत. आपापल्या गावात आणखी कोणी हे सुरू करणार असेल तर दोन गोष्टी सांगून ठेवते. सिस्टरना विचारल्याशिवाय पेशंटला पाणीसुद्धा पाजू नये. आणि मधुमेह असलेल्यांच्या पायाच्या नखांना आपण हात लावू नये, ती ड्रेसिंगवाल्याकडूनच कापून घ्यावीत.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, मिरज