माफ करणं म्हणजे विसरणं नाही

संपादक साहेब, स.न.

जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत झोपलेले असताना जिवंत जाळलं, तरी त्यांच्या पत्नी ग्लॅडिस बाईंनी मारेकऱ्यांना माफ केलं आणि बारीपद्याच्या कुष्ठरोग्यांची सेवा चालूच ठेवली, २००५ ला पद्मश्री पण मिळाली. कायद्याने शिक्षा होणं वेगळं आणि मनातून सोडणं वेगळं असं त्या म्हणायच्या, हे मला फार पटतं.

मी सख्ख्या भावाशी जमिनीवरून अकरा वर्षं बोललो नाही, आणि दर रविवारी चर्चमध्ये प्रभूच्या प्रार्थनेतलं 'आमची ऋणे सोड' (म्हणजे आम्ही इतरांना माफ केलं तसं आम्हालाही माफ कर) म्हणताना घसा अडकायचा हो. गेल्या नाताळला स्वतःच फोन केला. जमिनीचं अजून काही मिटलेलं नाही, पण रात्री झोप लागते.

- एक वाचक, अहमदनगर