भेंडीच्या फुलांचा अभ्रा

पुणे, १४ जुलै

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

आई, तू फोनवर विचारलंस, "शिवतेस म्हणजे काय शिवतेस गं?" तेव्हा मी विषय बदलला, कारण दाखवण्यासारखं काही झालंच नव्हतं. आता बाबांच्या पाठीच्या उशीला एक अभ्रा झालाय. सोबत पाठवतेय.

पायमशीन इकडे आणलं तेव्हा बाबा म्हणाले होते, शोभेला ठेवशील. खोटं कशाला बोलू, वर्षभर त्यावर मनीप्लँटच होता. गेल्या महिन्यात तो उतरवला, तेल घातलं आणि बसले. पाय मारला की चाक उलटं फिरे आणि दोरा तटकन तुटे. चार वेळा ओवला. मग आठवलं, पाय हलवायच्या आधी तू उजव्या हाताने चाक स्वतःकडे ओढायचीस. मला इतकी वर्षं ती तुझी लकब वाटत होती! चाकावरची चामड्याची वादीही सैल झाली होती. बाबा, तुम्ही करायचात तसा अर्धा इंच तुकडा कापला आणि तारेची कडी पक्कडीने दाबून बसवली. दाभण नव्हता, भोक खिळ्याने पाडलं. चालतंय.

दोन मीटर मांजरपाट आणला. दुकानदार म्हणाला, "ताई, आधी धुऊन घ्या." मी शहाणी, तसाच बेतला. अभ्रा धुतल्यावर असा आटला की उशी आत जाईना. तो आता मिक्सरवर घालते. उरलेलं कापड रात्रभर भिजवलं, खळ काढली, इस्त्री केली आणि मगच कात्री लावली.

रंगवायचं म्हणून आधी ब्रशने मोर काढला. रंगात पाणी जास्त झालं, ओल पसरत गेली आणि पावसात भिजलेली कोंबडी तयार झाली. तो तुकडा तुम्हाला दाखवणार नाही. मग भाजी चिरता चिरता बाबांचे ठसे आठवले. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल. पण बुळबुळीत असते ना, रंग धरत नाही. काप तासभर वाळू दिले, कागदावर टिपले, रंग स्पंजवर पसरला आणि हलक्या हाताने दाबला. स्वच्छ उठला! ठसा फुगला की पुढचा काप घ्यायचा, असं करत भेंडीच्या टोकापर्यंत आले, म्हणून उजवीकडची फुलं बारीक होत गेलीत. कुणी विचारलं तर मुद्दाम केलंय म्हणून सांगा.

उलट्या बाजूने गरम इस्त्री फिरवलीय, रंग जाणार नाही. तरी बाबा, धुताना उलटा करा आणि घासू नका.

आई, एक काम. पेटीतलं लाल इरकल बोहारणीला देऊ नकोस. त्यात माझे जुने सुती कुर्ते भरून गोधडी घालायचीय. धावदोरा जमतो, पण कडेकडेने आत येताना मधोमध फुगा येतो. तू अंथरलेल्या कापडावर काहीतरी जड ठेवायचीस. पाटा होता की वरवंटा? गणपतीला येईन तेव्हा दाखव. गुडघे दुखतात तुझे, खाली बसू नकोस. खुर्चीत बसून ओरड, मी टाके घालते.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, अभ्र्याची नाडी जरा लांब झालीय. कापू नका, मी आल्यावर बघते.