खवले मांजर रात्री निघतं, साहेब

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

मी किनवट तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी. तुरीला शेंगा धरल्या की रानडुकरांपायी आम्ही रात्री जागलीला जातो. अशाच एका रात्री बॅटरीच्या उजेडात धुऱ्यावर खवले मांजर दिसलं. पुढच्या नख्या आत दुमडून, मागच्या पायांवर भार देत, शेपटीने तोल सांभाळत चाललं होतं. वारुळापाशी थांबलं, हुंगलं, दोनचार फटक्यांत दगडासारखी माती फोडली आणि लांब चिकट जीभ आत सोडली. मी बॅटरी विझवून बसून राहिलो. अंधारात मातीवर खवले घासल्याचा आवाज तेवढा येत होता.

या जनावराला दात नाहीत. मुंग्या, वाळवी आणि त्यांची अंडी हेच अन्न. सोबत गिळलेले बारीक खडे पोटात ते दळतात. दिवसा आपणच खोदलेल्या बिळात, तोंड मातीने बुजवून झोपतं. मादीला बहुधा एकच पिल्लू होतं, ते आईच्या शेपटीवर बसून फिरतं. खवले मांजर भ्यालं की वेटोळं करून गप्प पडतं. बिबट्याला ते वेटोळं सुटत नाही. माणसाला सोडवायची गरजच पडत नाही, तो उचलून पोत्यात घालतो.

त्याच थंडीत गावालगत एक पोत्यात सापडलं. आम्ही वनखात्याला फोन केला. ‘सकाळी बघू’, असं उत्तर आलं. सकाळी पोतं नव्हतं. कुणी म्हणतं पैशांचा पाऊस पाडायला नेलं, कुणी म्हणतं खवल्यांच्या औषधासाठी. अहो, ते खवले म्हणजे आपल्या नखांचाच पदार्थ!

1972 च्या वन्यजीव कायद्यात हे जनावर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत जास्त संरक्षणाच्या यादीत आहे, शिकारीला शिक्षा 3 ते 7 वर्षं कैद. 2016 मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णयही झाला. कायदा आहे, साहेब. रात्री येणारा माणूस नाही.

म्हणून मागतो. प्रत्येक वनपरिक्षेत्रात रात्रपाळीचा वनरक्षक आणि गाडी द्या. वनखात्याचा 1926 हा मदतीचा फोन क्रमांक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवा. आमच्या जागल्यांपैकी किती जणांना तो ठाऊक आहे, एकदा विचारून बघा. आणि सापडलेलं जनावर धडधाकट असेल तर पंचनामा करून त्याच रात्री, त्याच शिवारात सोडा. पिंजऱ्यात ते बहुधा खात नाही, झुरून मरतं.

आमच्या धुऱ्यावरचं वारूळ मी अजून मोडलेलं नाही.

आपला,
एक शेतकरी, किनवट, जि. नांदेड