शाळा सोडण्याआधी करार वाचा

‘शाळा की चालून आलेली आगळी नोकरी?’ या विषयावरील रविवारच्या लेखात शाळा सोडून अशी नोकरी धरण्याच्या धाडसाचे कौतुक आहे, नोकरीच्या कराराचा मात्र उल्लेखही नाही. खरी गोम तिथेच असते. काम किती महिन्यांचे, मध्येच थांबले तर किती दिवसांची सूचना व वेतन, शिकवणार कोण, हे सारे लेखी हवे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९७३चा करार क्रमांक १३८ सांगतो, की नोकरीचे किमान वय सक्तीचे शिक्षण संपण्याच्या वयाहून कमी नसावे. ते वय उलटल्यावरही शाळेतून दाखला काढण्याची घाई नको. आधी मुख्याध्यापकांकडे ठरावीक मुदतीच्या रजेचा लेखी अर्ज द्यावा. एकदा पटावरून नाव कमी झाले, की परतताना प्रवेश, राहिलेला अभ्यास आणि परीक्षेची पात्रता, तिन्हींसाठी नव्याने झगडावे लागते.

– एक वाचक